आमच्या घरातली भोकं बुजवण्याची मोहीम

वैशाखरे, ७ मार्च १९४३, रविवार

निश्चय केला. घरातलं भात चोरीला जातंय, चोर पकडायचाच.

पुरावा: कणगीला बाहेरून टिचकी मारली, आवाज पोकळ. अर्धं भात मार्गशीर्षात व्यापाऱ्याला घातलं, ते विचारपूर्वक. लढाई आता संपणार आणि भाव पडणार हे पेपर वाचणाऱ्याला स्पष्ट दिसत होतं. (भाव अजून चढताहेत. तात्पुरतं आहे.) उरलेलं अर्धं दिवाळीपर्यंत पुरायलाच हवं. मग पोकळ आवाज कसला?

झाकण उघडणार होतो. ही म्हणाली, वरनं शेणानं लिंपलंय, पाडव्याच्या आत फोडायचं नाय, मी काढते ना खालच्या तोंडानं रोज. अडाणीपणा. पण भांडण नको म्हणून सोडलं.

भागी पहिल्या बाळंतपणाला आली आहे. वैशाखात दिवस भरतील. लेकीच्या तोंडचा घास कोणी पळवत असेल तर उभी हयात मास्तरकी करून उपयोग काय?

९ मार्च

कणगीमागे बीळ सापडलं. ही त्याला भोक म्हणाली. समजावून सांगितलं, उकरून राहतात ते बीळ, टोचून पडतं ते भोक, आणि तेच पुस्तकात छापलं की छिद्र. ही म्हणाली, हे त्या उंदराला सांगा.

काचा आणि माती घालून बुजवलं. दुपारी ताटात नेहमीएवढा भात. म्हणजे चोरीला आळा बसला.

१० मार्च

उंदराने शेजारी दुसरं बीळ उकरलं. पण उंदीर एवढं भात नेऊ शकत नाही. यामागे माणूस आहे.

१४ मार्च

मागच्या दाराची फट. फटीतून पोतं जात नाही, पण मूठ जाते. प्रयोग केला. माझी गेली. परत येईना. भागीने तेल लावून सोडवली, फार हसली. या दिवसांत हसणं चांगलं म्हणून रागावलो नाही.

फटीला पट्टी ठोकली. आता दारच उघडत नाही. सुरक्षित.

२३ मार्च

जना. आमच्याकडे भात कांडायला येते. गावातल्या सुइणीचं कामही तीच करते. वाडीत राहते, जाता-येता पदर घट्ट खोचलेला. सरळ विचारलं, पदरात काय आहे. तिने चारचौघांत पदर झाडून दाखवला. म्हणाली, मास्तर, म्हैना झाला, तुमच्यात कांडायला तरी हाये काय? आन चोरू काय, मुसळ?

युक्तिवाद संशयास्पद वाटला. ही मधे पडली, जनाला बाहेर नेऊन काहीतरी कुजबुजली. जना पुन्हा येणार नाही असं सांगून गेली. चोराच्या मनात चांदणं.

तरी ताटात भात आहेच. मोहिमेला यश.

६ एप्रिल

पाडवा झाला. झाकण फोडूया म्हटलं. ही म्हणाली, भागी मोकळी झाल्यावर. दर वेळी काहीतरी काढते.

चुलीवरचा झरोका बुजवला. घर धुराने भरलं. भागी खोकून बेजार. संध्याकाळी मोकळा केला. झरोक्यावरचा संशय मागे घेत आहे.

११ एप्रिल

आता एकच उरला: कुंडलिक. त्याची आमची भिंत एक, पण फणसाच्या फांदीवरून बोलणं बंद आहे. फांदी माझी होती. हल्ली त्याची बायको वत्सला आमच्या हिच्याकडे बघून मान हलवते. ही खूण आहे.

मधल्या भिंतीतला कोनाडा तपासावा असं मनात आलं. पण कोनाडा आरपार नसतोच, म्हणून तर त्याला कोनाडा म्हणतात. वेळ वाया घालवला नाही.

२५ एप्रिल, सकाळ

सापडलं! परसातून वळसा घालून पुढच्या दाराने अचानक आत आलो. ही कोनाड्यासमोर, दिवा खाली काढलेला. कोनाड्याला मागे फळी, ती सरकते, आणि मागे आरपार! पलीकडून वत्सलाच्या बांगड्या. मधे मापटं, तांदळाने शिगोशीग भरलेलं, दोघींचे हात त्याला.

माझ्याच घरातून, माझ्याच शत्रूला!

ओरडलो. मापटं खाली पडलं. ही म्हणाली, अवो, कोण देतंय नि कोण घेतंय येवढं तरी बघा. मला बघायचं ते मी बघितलं होतं. याला कोनाडा म्हणत नाहीत, भगदाड म्हणतात. दगड रचून माती लिंपली. जमिनीवरचे तांदूळ ही एकेक वेचत होती. भागी रडत होती.

२६ एप्रिल

छान झोप लागली. दुपारी ताटात नाचणीची भाकरी. भात का नाही विचारलं. नाय, म्हणाली. रुसवा.

२७ एप्रिल

भागीला भाकरी. मला अर्धी. हिने भूक नाय म्हणून सांगितलं. हीही खोटं बोलायला लागली आहे, पण या वेळी का ते कळेना.

२८ एप्रिल

झाकण फोडलं. आत वाकून बघितलं. तळाला तूस.

विचारलं, कधीपासून? माघ सरतानाच संपलं म्हणाली. मग इतके दिवस आपण कोणाचं खाल्लं? ही भिंतीकडे बघत राहिली.

सांगितलं का नाही? म्हणाली, तुमी त्याच्या घरचं खाल्लं नसतं. भागी उपाशी राह्यली असती.

सबंध घरात ज्यातून काही आत येत होतं असं भोक एकच होतं. बाकीची नुसतीच होती.

२९ एप्रिल

जनाकडे जाऊन आलो. ताठ बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. ती म्हणाली, भागीसाठी येईन, तुमच्यासाठी नाय. योग्य आहे.

कुंडलिकसाठी भाषण तयार केलं. त्याच्या अंगणापर्यंत गेलो. कुत्रं भुंकलं. परत आलो.

३० एप्रिल

पहार घेतली. भिंत आपल्याच बाजूने फोडावी, म्हणजे भाषण टळेल. पण माती मी फार पक्की लिंपली होती. दोन घाव घातले तर पलीकडूनही घाव ऐकू आले. थांबलो. तिकडचे थांबले नाहीत.

फणसानंतर कुंडलिकचे पहिले शब्द: मास्तर, बाजूला व्हा, दगड पायावर पडंल.

पडला.

आता भगदाडातून त्याचं डोकं आत येतं. डोकं आत घालून विचारलं, भागी बरी हाये ना? मी तांदळाचा विषय काढला. तो म्हणाला, कसले तांदूळ? आपल्याला कायबी म्हायती नाय. आणि डोकं काढून घेतलं.

मागोमाग पेज आली. भागी पोटभर प्यायली. उरलेली हिने माझ्यापुढे ठेवली. मी आधी तिला प्यायला लावली, मग मी प्यायलो.

भोक नेमकं केवढं ठेवायचं याबद्दल काही सूचना करणार होतो. ही म्हणाली, आता पुरे.

अंगठा सुजला आहे. हळद लावली. हळदही तिकडूनच आली.