वायर मी काढली

रेणू,

लांबड लावत नाही. एडिसन गावच्या मराठी मंडळात तुझा कार्यक्रम मधेच बंद पडला, तेव्हा स्पीकरची वायर अध्यक्ष गद्र्यांनी नाही, मी काढली होती.

रेगे नावाच्या त्या जमैकन संगीताच्या ठेक्यावर कविता म्हणतेस, त्याला डब पोएट्री म्हणतात, एवढं मला कळलंय. पण मधेच तुझ्या आईचं नाव आलं. चाळीस वर्षं मी तिला "अगं"च म्हणालो. ती गेल्यावरही नाव तोंडात आलं नाही. ते तीनशे माणसांत घुमायला लागलं आणि माझा हात वायरीकडे गेला.

तू गद्र्यांशी बोलणं टाकलंस, त्या प्रसंगावर नाटक बसवलंस. प्रत्येक प्रयोगात आईच्या नावाच्या जागी आवाज बंद करतेस आणि लोक टाळ्या वाजवतात. परवा गद्रे दुकानात भेटले. "नाना, मी खरंच काही केलं नव्हतं हो." मी "माहीत आहे" म्हटलं आणि भाजी घेऊन निघालो.

दमलोय आता. हे पत्र काही मी पाठवायचा नाही. शनिवारच्या प्रयोगाला मला पहिल्या रांगेत बसवशील, तेव्हा आवाज बंद झाला की "प्रमिला" असं तोंडाने म्हणून बघेन. जमलं, तर वायरीचंही सांगेन.

नाना