डाव्या लेनमधला कागद

लोणखेडा, ता. शहादा
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. ममता हिला
हुकमीकाकांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. नवापूरला सर्व क्षेम आहे आणि जावईबापूंच्या पोल्ट्रीचे काम मार्गी लागले आहे, हे वाचून बरे वाटले. इकडे अल्पनाकाकू आणि मी ठीक आहोत. थंडी चांगली पडली आहे. सकाळी बोटे मोकळी व्हायला वेळ लागतो. बोटे मोकळी झाल्याखेरीज ट्रिगरला हात लावू नये, हा धडा मी रेंजवर येणाऱ्या प्रत्येकाला अजूनही देतो. निवृत्त शिक्षकाला श्रोते मिळाले की काय होते, ते तू जाणतेसच.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. बाबांची रायफल काचेच्या कपाटात कायमची ठेवायची आहे, सुताराला माप दिले आहे, तिला गंज चढू नये म्हणून काय करावे, असे तू विचारतेस. "त्यांनी ठेवली तशीच राहायला हवी, एक स्क्रूही हलवायचा नाही," हे तुझे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

नळीत तेल ओतू नकोस. बाहेरच्या लोखंडावरून तेलाचे बोट लावलेली चिंधी फिरवली की पुरे. ज्यातल्या हवेच्या दाबाने छर्रा सुटतो तो सिलिंडर साफ रिकामा करू नकोस, थोडा दाब राहू दे, नाहीतर आतले रबरी वायसर सैल पडतात. नवापूरचा पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेव. लाकडी दस्त्यावर दुपारचे ऊन येऊ देऊ नकोस. एवढे पाळलेस तर रायफल तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल.

प्रश्नाचे उत्तर इथे पूर्ण झाले. पत्र पूर्ण होत नाही, त्याला कारण आहे.

काल सारंगखेड्यावरून आलो. यात्रेची दुकाने उभी राहत आहेत, घोडे उतरले आहेत, आणि फुगे फोडायचा स्टॉल नेहमीच्या जागी लागला आहे. तुझ्या बाबांची, चुडामणभाऊंची, आणि माझी पहिली भेट तिथलीच. तू तेव्हा बालवाडीत असशील. स्टॉलवरची बंदूक डावीकडे मारते असे माझ्या ध्यानात आले, आणि नळी वाकली असता छर्रा किती सरकेल हे मी स्टॉलवाल्याला समजावून देत होतो. मागून आवाज आला, "मास्तर, बंदूकले शिकाडी ऱ्हायनात का?" मग त्या ब्राह्मणपुरीच्या धिप्पाड शेतकऱ्याने माझ्या हातातून बंदूक घेतली, लाल फुग्याच्या उजवीकडच्या पिवळ्यावर नेम धरला आणि लाल फोडला. सिद्धांत माझाच होता, पण फुगा त्यांनी फोडला.

आमच्या मातोश्री जडावबाई यांनी मला बंदुकीची परवानगी दिली होती ती एका अटीवर: जिवावर नेम धरायचा नाही. हे कळल्यापासून भाऊ दरवर्षी त्या स्टॉलवर गंभीर चेहऱ्याने विचारीत, "फुगामा बी जीव नही शे ना मास्तर? मायले इचारी ल्या."

त्यानंतर जिल्ह्यातल्या प्रत्येक स्पर्धेत आम्ही शेजारी उभे राहिलो. ते डाव्या लेनमध्ये, मी उजव्या. कधी ते पुढे, कधी मी. नंदुरबारच्या निवड स्पर्धेची गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसणार. राज्य स्पर्धेला एकच जण जायचा होता आणि आम्ही बरोबरीत चाललो होतो. अखेरीस माझ्या कागदावर एक भोक जास्त निघाले. शेजाऱ्याच्या कागदावर गोळी गेली की ती मारणाऱ्याला शून्य मिळते. पंच भिंग घेऊन वाकले होते. त्यांनी विचारण्याआधीच भाऊंचा हात वर गेला. "तो छर्रा मन्हा शे."

तो छर्रा बरोबर मध्यावर होता. दहा गुणांचा, पण माझ्या कागदावर म्हणून भाऊंना शून्य. छर्रा आपला आहे असे ते म्हणाले नसते तर पंचांना खूण पटली नसती, कदाचित दोघांना पुन्हा मारायला लावले असते. मी वाद घातला, नियम काढून दाखवले. भाऊंनी मला बाहेर चहाला ओढून नेले. "दहा ते दहाच शे मास्तर, कोना बी कागदवर ऱ्हावो." राज्य स्पर्धेला मी गेलो. माझी बॅग उचलायला ते बरोबर आले होते.

आता शास्त्र सांगतो, कारण तुझा निर्णय त्यावर उभा आहे. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पुढची कडी दिसावी, कडीत लक्ष्याचा काळा ठिपका दिसावा. अशी वर्तुळात वर्तुळे बसली की छर्रा मध्यावर जातो. किती सुंदर रचना आहे! पण ती डोळ्यागणिक आणि गालागणिक बदलते. म्हणूनच दस्त्यावर गाल टेकायची फळी वरखाली करता येते. गेल्या उन्हाळ्यात आजारपणाने भाऊंचा गाल आत गेला आणि फळीला टेकेना. आम्ही फळी वर घेतली. महिन्याभरात पुन्हा घ्यावी लागली. स्क्रू मी पिळत असे, आणि ते म्हणत, "मी उतरी ऱ्हायनू, फळी चढी ऱ्हायनी."

ममता, तू जी मांडणी काचेआड जपायला निघाली आहेस, ती त्या आजाराची मांडणी आहे. बरे झाले असते तर भाऊंनी स्वतः ती पहिल्याच दिवशी खाली घेतली असती. शाळेत असताना तू याच रायफलवर शिकलीस. तुझ्यासाठी ते फळी आणि साइट दोन्ही बदलत, आणि तुझे झाले की आपल्या मापावर आणत. त्यांनी त्या स्क्रूंना कधी स्वस्थ बसू दिले नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती. भाऊ गेल्यापासून मी रेंजवर डाव्या लेनमध्येही कागद लावतो. सवय आहे, असे विचारणाऱ्यांना सांगतो. गेल्या आठवड्यात चरखी फिरवून माझा कागद जवळ आणला, तर एक भोक कमी. दोनदा पाहिले. मग डावा कागद आणला. ते तिथे होते, अगदी मध्याला लागून. ही चूक कशी टाळावी हे मी आयुष्यभर शिकवत आलो आहे. शेडमध्ये कोणी नव्हते. तरी मी हात वर केला आणि त्यांच्याच शब्दांत बोललो. त्यावर "दहा ते दहाच शे" म्हणणारे भाऊ शेजारी नव्हते.

तेव्हा सुताराला थांबव. येत्या रविवारी रायफल घेऊन लोणखेड्याला ये. काकू तुझ्या आवडीची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा नक्की करील. स्क्रूड्रायव्हर मी काढून ठेवला आहे. फळी खाली घेऊ, साइट तुझ्या डोळ्याला लावू. सुरुवातीचे छर्रे कुठेही जातील, जाऊ देत. एखादा माझ्या कागदावर आला तर हात वर कर आणि काय म्हणायचे ते खणखणीत म्हण. या वेळी उत्तर द्यायला मी शेजारी असेन.

डाव्या लेनमध्ये तुझ्यासाठी कोरा कागद लावून उभा असलेला,
तुझा
हुकमीकाका