तिसरं नाव

दि. ४ जून

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मुंगी अजून जिवंत आहे. प्रबंध लिहून झाला, उरलीय ती संदर्भसूची, आणि तीच माझा जीव खातेय. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, मग कंसात साल. नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, खंडाचा आकडाही तिरपा, अंकाचा आकडा मात्र कंसात आणि सरळ. आम्हा मानसशास्त्रवाल्यांना माणसाचं मन वाकडं चाललेलं समजतं, स्वल्पविराम वाकडा गेलेला खपत नाही. आई म्हणते, एवढी शिस्त स्वतःच्या कपाटाला लावली असतीस तर माझं आयुष्य वाढलं असतं.

आता मुद्द्याचं. सूचीतली प्रत्येक नोंद मी मूळ छापील पानाशी ताडून बघते. माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, याचं कौतुकच करतात. पण त्यांच्या स्वतःच्या गाजलेल्या अभ्यासापाशी आल्यावर म्हणाले, तिथं माझं पुस्तक दे, जुना लेख शोधत बसू नकोस. नको म्हटलं की मला राहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. गेले ग्रंथालयाच्या तळघरात.

तो अभ्यास तू ऐकला असशील. दवाखान्यात ठेवलेली मुलं आई निघून गेल्यावर किती रडतात, आणि आई कुठे चालली, कधी येणार हे आधी सांगितलं तर किती लवकर सावरतात. सरांच्या पुस्तकात सगळीकडे ‘मी पाहिलं, मी नोंदवलं’. मूळ लेखावर मात्र तीन नावं आहेत. पहिलं सरांचं, दुसरं कोणा अनोळखी माणसाचं. तिसऱ्याला तुझं माहेरचं आडनाव आणि तुझंच आद्याक्षर.

मावशी, ती तूच ना? लग्नाआधी कॉलेजात किरकोळ काम करायचे, एवढंच तू आम्हाला सांगत आलीस. हे किरकोळ? उलट टपाली कळव, नाहीतर तुझ्या पाळणाघरात येऊन पोरांच्या रांगेत बसेन.

वाट पाहणारी,
मुंगी


दि. ११ जून

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ती मीच. आता ते पान मिट आणि अंक जागेवर ठेवून ये.

तू सोडणार नाहीस म्हणून सांगते. मुलांच्या वॉर्डात लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसून आम्ही दोघांनी नोंदी घेतल्या, मी आणि ते दुसरं नाव. सर अधूनमधून यायचे, दारातून डोकावायचे. पण अभ्यासाची आखणी त्यांची होती, हेही खरं, म्हणून पहिलं नाव त्यांचं. लेख निघाला तेव्हा कोणाचीच तक्रार नव्हती. पुढे पुस्तक आलं आणि त्यात आम्ही दोघं गायब. मी लिहून विचारलं, तर उत्तर आलं की मदतनिसांचे आभार प्रस्तावनेत मानले आहेत. प्रस्तावना वाचली, तर तिथे ‘अनेकांचे’ आभार होते. मी त्या अनेकांत.

तेव्हा रडले, चिडले, मग पाळणाघर काढलं. आज माझ्याकडे पोरं आईला हसत टाटा करतात. मला काही कमी नाही. तुला आहे. जुलैअखेर प्रबंध द्यायचा आहे, त्यावर त्यांची सही लागते, आणि पदवी झाली तरच ती अध्यापकाची जागा तुला मिळणार. पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस. ते सांगतात ते पुस्तक दे आणि मोकळी हो. माझ्यासाठी भांडायला मी तुला ठेवलेली नाही.

ताईला यातलं काही सांगू नकोस, ती लाटणं घेऊन निघेल.

तुझ्या काळजीत असलेली,
मावशी


दि. २० जून

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. रागाव, पण आधी वाच.

सरांच्या टेबलावर लेखाची झेरॉक्स ठेवली आणि विचारलं की मी वाचला तो लेख, मग संदर्भ पुस्तकाचा का देऊ? ते हसून म्हणाले, दोन्हींत तेच आहे. मी म्हटलं, तेच नाही, दोन माणसं कमी आहेत. मग नियमपुस्तिका उघडली आणि बोट ठेवलं: मजकुरात पहिल्या लेखकापुढे ‘आणि इतर’ लिहिलं तरी चालतं, पण शेवटच्या सूचीत सगळी नावं द्यायची, छापलीत त्याच क्रमाने. ते म्हणाले, नियम नवशिक्यांसाठी असतात. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सर, मागच्याच आठवड्यात एका पूर्णविरामासाठी तुम्ही माझं पान परत केलंत. तो नियम होता आणि हा नाही?

आणि रागाच्या भरात बोलून गेले की तिसरं नाव माझ्या मावशीचं आहे. झालं! आयतं कोलीत हाती मिळालं. म्हणाले, अस्सं, म्हणजे घरच्या माणसाची वर्णी लावतेस होय. सूची बदलल्याशिवाय सही नाही. मी म्हटलं, नाही बदलणार. आवाज अगदी खणखणीत निघाला. तू असतीस तर हसली असतीस.

घरी येऊन सूचीचं पान नव्याने टाइप केलं, सोबत पाठवतेय. बघ, तुझं नाव पहिलं टाकलंय. त्यांच्याखाली तू का राहावंस? काम तुझं, मान तुझा. होऊन जाऊ दे.

तुझी, आणि कोणाचीही भीती नसलेली,
मुंगी


दि. २७ जून

चि. मुंगीस,
आशीर्वाद, पण आज हात आखडून.

पान मिळालं. फाडून टाकलं. मूर्ख मुली, मी तिसरी आहे. तिसरीच लिही.

छापलेली नावं तू मायेपोटी फिरवलीस, त्यांनी हावेपोटी गाळली. कागदाला त्यातलं काय कळतं? घरच्या माणसाची वर्णी लावतेस असं ते म्हणाले, आणि तू घरी येऊन नेमकं तेच केलंस. हे पान त्यांच्या हाती लागलं असतं तर तुझं सगळं खरं बोलणंही खोटं ठरलं असतं. इतकी वर्षं माझं नाव नव्हतं ते सोसलं. खोट्या जागी आलेलं सोसणार नाही.

आणि दुसरं नाव कोणाचं, हे विचारावंसंही तुला वाटलं नाही. आम्ही त्याला चष्मेवाला म्हणायचो. मुलाचं रडणं कुठे संपलं आणि हुंदके कुठे सुरू झाले, हे ठरवायची रीत त्यानेच बसवली. वॉर्डातली पोरं त्याचा चष्मा ओढायची, म्हणून दोरीने बांधून यायचा. पुस्तक यायच्या आधीच्या वर्षी तो आजारात गेला. त्याच्या बायकोने दुकानात उभं राहून पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, नवऱ्याचं नाव सापडलं नाही. विकत न घेता घरी गेली. मी तिच्या शेजारी उभी होते, मुंगे.

मागच्या पत्रात तुला गप्प बस म्हटलं, ते मागे घेते. माझ्यापुरतं मी सोडलं होतं, त्याच्यापुरतं सोडायचा मला अधिकारच नव्हता. आता माघार घेशील तर माझ्याशी गाठ आहे. विभागप्रमुख बाईंकडे जा. आवाज चढवू नकोस, मावशीचं नावही काढू नकोस. मूळ लेख ठेव, शेजारी नियम ठेव, आणि खुर्ची ओढून बस. त्यांना वाचू दे.

तीन नावं, छापली त्याच क्रमाने. सही नाही मिळाली तर नाही मिळाली. पाळणाघरात नाकं पुसायला मला माणूस हवंच आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
मावशी


दि. १८ डिसेंबर

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

क्रमाबद्दल तुझी माफी एकदा मागितली, पुन्हा मागते. रस्त्यातून चालताना आठवतं आणि कान तापतात.

शेवट गोड झाला असं नाही. विभागप्रमुख बाई बराच वेळ वाचत राहिल्या, मग चष्मा काढून एवढंच म्हणाल्या की यात विचारण्यासारखं काय आहे, हीच नोंद बरोबर आहे. तरी सरांनी सही केली नाही. बाईंनी मला स्वतःच्या मार्गदर्शनाखाली घेतलं, पण त्या कागदपत्रांत जुलै उलटला आणि अध्यापकाची जागा दुसरीला गेली. दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, जागा पुन्हा निघेल, पाठीचा कणा पुन्हा निघत नाही. तिला सगळं सांगितलंय. लाटणं मी लपवलंय.

प्रबंध विद्यापीठात गेला. नावं तीन, छापली होती त्याच क्रमाने. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती सर्वांना खुली असते, कोणीही येऊन मागे बसू शकतं. सर येणार म्हणतात. येईनात का! तू येशील?

तुझ्या मायेची हावरी,
मुंगी


दि. २ फेब्रुवारी

चि. डॉक्टर मुंगीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी हात सैल सोडून.

परीक्षेच्या गडबडीत बोलणं राहिलं, म्हणून लिहिते. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की हा अभ्यास एकाच माणसाचा समजला जातो, मग इथे तीन नावं कशी? तू वळून माझ्याकडे बघितलं नाहीस, हे फार आवडलं. मूळ लेखावर तीन आहेत, एवढंच म्हणालीस आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिलीस. पहिल्या रांगेत सरांचं डोकं खाली गेलेलं मी पाहिलं. निघताना ते माझ्यासमोर आले आणि म्हणाले, बाई, फार जुनी गोष्ट झाली. मी म्हटलं, सर, पुस्तकाची पुढची आवृत्ती तर नवी असेल ना? तुमचं नाव पहिलं आहे आणि पहिलंच राहील. फक्त त्याखाली जागा सोडा.

तू दिलेली प्रत घेऊन मी चष्मेवाल्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोला आता बारीक दिसत नाही. तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिने पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, आणि शेवटी विचारलं की हे आता कोणी काढणार तर नाही? मी नाही म्हटलं. छातीवर हात ठेवून म्हटलं.

आता कामाचं. इतकी वर्षं पाळणाघराच्या दारात उभी राहून पोरांचं आईला सोडणं मी बघतेय. आमच्या त्या लेखात एक गोष्ट चुकली आहे, आणि ती चूक आजवर कोणी लिहून दाखवलेली नाही. मी लिहिणार आहे. पुढच्या सुट्टीत वह्या-पेनं घेऊन ये. संदर्भसूची तू कर, स्वल्पविरामांशी मला भांडण नको.

पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. मायेपोटी क्रम फिरवशील तर याद राख.

तुझी,
पहिली लेखिका