मास्तरची पेटी, वर्षाचा साखरपुडा

कळंब, रविवार, संध्याकाळ

मास्तरचा असा राग येऊन राह्यला ना! अख्खं गाव म्हणते, फुकट गाणं शिकवणारा देवमाणूस. बारसं असो की तेरवी, बोलावलं की हे निघाले पेटी घेऊन. भात्याले सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, पण निघाले.

मागच्या आठवड्यात हात जोडले त्यांच्यापुढे. "वर्षाच्या बाबाशी बोला ना माझ्यासाठी. तुमचं ऐकतात ते." तर म्हणे, "कॉलेज सोडून बसला तू. कोणत्या तोंडानं बोलू?"

ठीक. मग आज तिच्याच साखरपुड्यात पेटी वाजवायले तोंड होतं?

मी मंडपाबाहेर उभा. तबला त्यांनीच शिकवलेला, म्हणून मलेच हाक मारली, "ये बापू, तबलेवाला आला नाही. बस. लोकाइचं काम अडू नये."

सेवा म्हणे! कोणाले नाही म्हणायची हिंमत नाही, तिचं नाव सेवा.

अन् मी काहून बसलो? समोर वर्षा, बोटात त्याची अंगठी. ठिगळातून हवा फुसफुसत होती, तिनं मान वर केली नाही.

लोक म्हणाले, तबला झकास. एकही मात्रा चुकली नाही माझी. एक तरी चुकायले पाह्यजे होती.