मोकळा हॉल

सोमवार, ३ नोव्हेंबर
मानकोलीच्या गोदामावरचं ऑफिस आजपासून माझ्या हाताखाली! केबिनच्या भिंती मी आधीच काढून घेतल्या होत्या. आता एकच मोकळा हॉल, खाली ट्रकची घरघर, वर उजेडच उजेड. माझ्या टेबलावरून सगळे दिसतात. बिलिंगच्या उन्नतीने पेढे आणले. कोपऱ्यात पूर्वी कायम बंद असलेल्या केबिनची जागा रिकामी होती. तिथे कशेळीच्या भावेशला बसवलं. गाड्यांच्या वेळा तोच बघतो. भारी बोलका!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
भावेश गप्प झालाय. पाठीमागे कुणीतरी श्वास घेतं म्हणाला. मागे तर भिंत आहे. एसीचा आवाज असेल, म्हटलं. जागा बदलून मागत होता. आठवडाभर बस, मग बघू, म्हटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
भावेश माझ्या आधी येतो, मान वर करत नाही, डबा उघडत नाही. काम मात्र झपाट्याने.
दुपारी त्याच्या आईचा, बायजाबाईंचा फोन. "बाय, भावेशची सुट्टी धरा. सोमवारपासून तापान परलाय, उठत न्हाय."
फोन कानाला धरूनच समोर पाहिलं. भावेश जागेवर होता. टाईप करत होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
कशेळीला जाऊन आले. खाटेवर भावेशच. पार वाळलेला. माझं मनगट धरून म्हणाला, "मॅडम, त्याला उठवू नका. तो उठला की मी—"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
उन्नतीला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मी अडवायच्या आत जाऊन तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
तो उठला. वळला. चेहरा भावेशचाच, पण त्याला फक्त पाठीमागूनच पाहिलेल्या कुणी अंदाजाने घडवावा तसा. दिवे गेले, आले. खुर्ची रिकामी.
मग कशेळीहून फोन. भावेश गेला.

सोमवार, १७ नोव्हेंबर
उन्नती माझ्या आधी आलेली. मान खाली.
जिन्यात जाऊन तिच्या घरी, पडघ्याला फोन लावला. भाऊ म्हणाला, ताई तापाने झोपून आहे.
हेड ऑफिसला कळवलं. ते म्हणाले, हजेरी तर पूर्ण दिसतेय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
सगळ्यांना घरी पाठवलं. ती उठली नाही. मीही उठवलं नाही. पडघ्याची उन्नती जगायला हवी.
तिच्या टेबलाशेजारच्या बटणाने दिवे घालवताना तिने बसल्या जागेवरूनच माझ्या हातावर हात ठेवला. गार नव्हता. तापलेला—
बाहेरून कुलूप लावलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
अंग भाजतंय. मला अंथरुणातून उठवत नाही. किल्ली उशाशी आहे.
ऑफिसला फोन लावला. कुणी उचलायला नको होता—
उचलला. मागे टायपिंग. खूप जणांचं.
"नमस्कार, मृणाली बोलतेय."
माझा आवाज.
उठू नकोस, म्हटलं. हात जोडते, बसून राहा, उठू—
हसली. खुर्ची मागे सरक