दक्षिण आफ्रिका वगळून

आलमबाग, लखनौ
२२ ऑगस्ट १९९३

प्रिय बेबी,

माझा नवा पासपोर्ट आला. जुन्यावर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असा शिक्का होता, तो यात नाही. शेजारच्या मिश्राइनला दाखवला तर म्हणाली, “अब तो बिटिया के घर जाओगी, दीदी!” मी नुसतीच रडले. विनय इथे डॉक्टरी शिकायला आला आणि तुमचं जमलं, तेव्हा त्याच्या डर्बनला जायची आपल्याला सरकारी मनाई आहे, याचा अर्थ मला कळलाच नव्हता. तुम्ही आधी लंडनला राहिलात, तू तिथली नागरिक होऊन पुढे डर्बनला गेलीस. आम्ही इथेच.

अर्थ कळला तो पायलच्या वेळी. तुझं पहिलं बाळंतपण आणि मी इथे अडकलेली. विनयने वाट सुचवली होती, मॉरिशसवरून या, व्हिसा सुट्या कागदावर देतात, कुणाला कळत नाही. मी पेटी भरायलाही घेतली. तुझे बाबा म्हणाले, “ही बंदी तिथल्याच लोकांनी मागितलीय, यमुना. जिथे गोऱ्यांच्या किनाऱ्यावर माझ्या नातवंडाला पाय ठेवू देणार नाहीत, तिथे मी चोरून पाहुणा होऊन जाऊ?” लहानपणी गावच्या विहिरीवरून हाकललेला माणूस. त्याच्याशी काय वाद घालणार? तरी कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते रोज स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवायचे.

आता दुसऱ्या वेळी तरी दोघं येऊ, असं मी धरून चालले होते. परवा तिकिटं काढायला निघालो, तर तुझे बाबा दारातच थांबले. म्हणाले, “कायद्यानं मला मोकळं केलं, पण विनयला अजून बरोबरीचं मत कुठे आहे? एप्रिलच्या निवडणुकीत त्याला मत देऊ दे, मग येतो. तू मात्र आत्ताच जा. पोरीला तुझी गरज आहे.” असा संताप आला म्हणून सांगू! संध्याकाळी पाहते तर पायलसाठी आणलेला फ्रॉक माझ्या पेटीत ठेवत बसले होते. घडी मोडायची, पुन्हा घालायची.

म्हणून हे पत्र. विमानतळावर दोघांना शोधू नकोस, आणि बाबा दिसले नाहीत म्हणून घाबरू नकोस. त्यांची तब्येत अगदी ठीक आहे. इथल्या इंदिरा नगरलासुद्धा एकटी न जाणारी तुझी आई अमौसी विमानतळावरून एकटीच निघतेय. मला उतरवून घ्यायला लवकर ये. विनयला बाबांचा सप्रेम जयभीम. एप्रिलमध्ये मत देऊन आला की त्याला आधी इकडे फोन करायला सांग. ते फोनपाशीच बसलेले असतील.

तुझीच, येते आहे गं,
आई