आखाजीला दाखवलेलं यंत्र

११ ऑगस्ट, धुळे

हरारेच्या पेटंट ऑफिसातून मेल! कंपालाच्या त्या कंपनीने माझ्या वडिलांच्या, आबांच्या, अर्जावर हरकत घेतली. म्हणे यंत्र नवीन नाहीच. आबांकडून दोन यंत्रं नेली, खोलून पाहिली, आता तिथे स्वतः बनवून विकतात — आणि वर हे! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

केळीच्या खांबातून धागा काढायचं यंत्र. नऊ वर्षं आबा त्यात खपले. युगांडात गावोगाव केळी, म्हणून पेटंट तिथलं हवं होतं. हरारेला एक अर्ज केला की युगांडासकट आफ्रिकेतले बरेच देश येतात.

१३ ऑगस्ट

ज्योत्स्ना मॅडमना, आमच्या वकिलांना, फोन केला. त्यांनी विचारलं, अर्जाआधी यंत्र कुणाला दाखवलं होतं का? कुणाला नाही ते विचारा! २०२३ची अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. मी माहेरी, पिंप्राळ्याला. नवीन यंत्र पूजेशिवाय चालवायचं नाही, आणि पूजा काय दार लावून करायची? आईने अख्खी गल्ली बोलावली. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, आबांनी बटण दाबलं. व्हिडिओ मी काढला. लगेच चॅनलवर टाकलाही — आतला एकेक भाग नीट दाखवून. अर्ज केला त्यानंतर चार महिन्यांनी.

हरकतीत त्याच व्हिडिओची लिंक आहे. अर्जाआधी जगाने पाहिलं, ते कायदा नवीन धरत नाही. आणि ती कंपनी तरी आबांकडे कशी आली? तोच व्हिडिओ बघून. शहाणपणा माझा!

१४ ऑगस्ट

पुसला. चॅनलवरून, माझ्या फोनमधून.

१७ ऑगस्ट, पिंप्राळा

आबांच्या फोनमधूनही काढला. फोन भरलाय, साफ करून देते, असं सांगितलं. त्यांनी मुकाट्याने हातात दिला.

१९ ऑगस्ट

व्हिडिओ पुसल्याचं सांगितलं, तर मॅडम चिडल्या. जगासमोर आलं ते आलं, पुसून काय होणार? उलट आपण लपवतोय असं दिसेल. उत्तरात खरं तेच लिहायचं ठरलं. म्हणजे पुसण्याचा उपयोग शून्य.

३१ ऑगस्ट, पिंप्राळा

चहाच्या वेळी आबा फोन चाळत बसले होते. मग म्हणाले, "पुनम, तुनी मायना तो व्हिडिओ दिसत नही. चहा पेवाना टाइमले रोज लावस मी."



आई त्या आखाजीच्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली. फोटो ढीगभर आहेत. आवाज तेवढा त्या एका व्हिडिओत होता — बायकांना पुढे बोलावताना, मधेच आबांना दटावताना. पुसताना यंत्र, हरकत, कायदा, सगळं डोक्यात होतं. आई नव्हती. शोधते म्हटलं. खोटं बोलले.

८ सप्टेंबर

फोन दुकानात दाखवला. पुसलेला व्हिडिओ परत येत नाही, दुकानदार म्हणाला. मावशीला विचारलं, गल्लीतल्या शेवंताबाईंना विचारलं. सगळ्यांनी एकमेकींना नुसती लिंक पाठवलेली. ती उघडली की रिकामी चौकट. ही चूक मी कुणाच्या माथी मारू?

२१ सप्टेंबर, पिंप्राळा

सांगून टाकलं. पेटंटसाठी पुसला हेही. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. तू मुद्दाम थोडंच केलंस, एवढं म्हणाले आणि उठून यंत्राच्या शेडमध्ये गेले. तासभर काही ठोकाठोक ऐकू आली नाही. मी आत जायचं धाडस केलं नाही.

२२ सप्टेंबर

कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं आठवत नाही.

१९ ऑक्टोबर

आईला जाऊन दोन वर्षं. ती मला हाक कशी मारायची ते मनात लावून पाहते. शब्द आठवतात. सूर हाती लागत नाही.

१६ नोव्हेंबर, पिंप्राळा

अर्ज फेटाळला. निकालासोबत कंपालाच्या कंपनीचा पुरावा जोडून आलाय — त्यांनी तेव्हाच उतरवून ठेवलेला व्हिडिओ. पूर्ण, सहा मिनिटं. आपण हरलो, हे आबांना सांगायचं म्हणून लॅपटॉप उघडला, जोडलेला व्हिडिओ लावला, तर आईच बोलायला लागली.

आबांनी खुर्ची पुढे ओढली. "आवाज मोठा कर वं."

निकाल सांगायचा राहिलाय.